पाठवलेलं आणि पोचलेलं

मुलुंडहून अनुजाचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीच्या घरी सुताराशी हुज्जत घालत होतो. खिडकीची नवी चौकट दोन सूत कमी पडली होती आणि भिंतच वाकडी आहे असं तो मला पटवत होता. "काका, आई गेली," अनुजा म्हणाली. आवाज थेट तिच्या आईचा... सरळ, कुठेही न अडखळणारा. "सकाळी चहा घेतला, पेपर वाचला, म्हणाली जरा पडते, आणि मग उठलीच नाही." मी काय बोललो ते आठवत नाही. फोन ठेवला तेव्हा सुतार माझ्याकडे बघत होता. "साहेब, माझंच माप चुकलं, उद्या दुसरी आणतो," तो म्हणाला. माझा चेहरा बघून त्याला वाटलं असावं की मी चौकटीसाठीच एवढा खचलोय.

त्याला आता पाच आठवडे झाले. अनुजाच्या आईचं, विजया कुडतरकरचं नाव बहुतेक वाचकांनी ऐकलेलं नसेल. ती व्हॉल्व्हचं डिझाइन करणारी इंजिनिअर होती, आणि व्हॉल्व्ह कोणी डिझाइन केला हे जगात कोणी विचारत नाही. पण ऐंशीच्या दशकात, जेव्हा घरी फोन मिळवायला माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची, तेव्हा तिने अंधेरी आणि विक्रोळीच्या दोन कॉम्प्युटरना टेलिफोनच्या तारेवरून एकमेकांशी बोलायला लावलं. त्या तारेच्या एका टोकाला ती होती आणि दुसऱ्या टोकाला मी. म्हणून हे मी लिहायला हवं.

आमची कंपनी खताच्या आणि विजेच्या कारखान्यांसाठी व्हॉल्व्ह बनवायची. एकेक ओतीव बॉडी अशी की दोन माणसांना हलणार नाही. कारखाना विक्रोळीला, आणि तिथे जागा पुरत नाही म्हणून डिझाइन ऑफिस अंधेरीला, औद्योगिक वसाहतीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. निळ्या प्रिंटांची गुंडाळी घेऊन शिपाई सकाळी अंधेरीहून निघायचा तो साकीनाका, पवई करत जेवणाच्या सुट्टीला आमच्याकडे पोचायचा. ड्रॉइंगवरचा एखादा आकडा वाचता आला नाही की फोन करायचा. फोन लागला तर आवाज यायचा नाही, आवाज आला तर 'सोळा' आणि 'साठ' यांत घोळ व्हायचा. शेवटी चिठ्ठी लिहून त्याच शिपायाच्या हाती द्यायची आणि उत्तराची वाट उद्या दुपारपर्यंत बघायची. तोवर मशीन उभं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, प्लॅनिंग खात्यात नवा, प्रोबेशनवर. एक दिवस मॅनेजरनी बोलावून विचारलं, "टायपिंग येतं का रे तुला?" मी म्हटलं, क्लास केलाय, परीक्षा पास आहे. माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीपेक्षा त्या परीक्षेचा मला नोकरीत जास्त उपयोग झाला.

प्लॅनिंगच्या कोपऱ्यात काचेची केबिन केलेली होती. आत एअर कंडिशनर, एक कॉम्प्युटर, करकरत चालणारा प्रिंटर. बाहेर चपला-बूट काढून आत जायचं, देवघरात जावं तसं. टेबलावर जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी होती, तिला टेलिफोनची तार जोडलेली. तिला मॉडेम म्हणतात, एवढंच मला सांगितलं गेलं. सकाळी अकरा आणि दुपारी चार, या दोन वेळांना अंधेरीचा फोन यायचा. पेटी किंचाळल्यासारखी शिट्टी वाजवायची, मग गप्प व्हायची, आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायला लागायची. पहिल्या दिवशीची ओळ मला आजही दिसते. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं होतं: विक्रोळी, दिसतंय का? मी लिहिलं: दिसतंय.

संदेशाच्या खाली नाव असायचं, व्ही. कुडतरकर. मी आठवडाभर त्यांना 'साहेब' लिहीत होतो. एकदा तिकडून आलं, "रिव्हिजन उद्या पाठवते." ते टायपिंगची चूक असावी असं मला वाटलं, आणि मी उलट लिहिलं, "ठीक आहे साहेब." मग पडद्यावर एक ओळ आली. "साहेब जेवायला गेलेत. मी विजया."

त्या तारेवरून ड्रॉइंग जात नव्हतं, तेवढी ताकद तिच्यात नव्हती. जायचे ते शब्द आणि आकडे: कोणत्या ड्रॉइंगमधलं कोणतं माप बदललं, धातू कोणता, मापात किती सूट चालेल. पण तेवढ्यानेच आमचं काम बदललं. अकराला प्रश्न पाठवला की चारला उत्तर. हळूहळू शॉपमधले, म्हणजे मशीनवर काम करणारे लोक केबिनच्या दाराशी येऊन अनवाणी उभे राहायला लागले, "अंधेरीला विचार ना," म्हणून. पूर्वी डिझाइनवाले आणि शॉपवाले वर्षातून एकदा, स्नेहसंमेलनाला भेटायचे आणि तिथेही वेगवेगळ्या टेबलांवर बसायचे. आता आमचा फोरमन थेट विचारायचा की हा कोपरा इतका आत का घेतलाय, आमचं हत्यार तिथे जात नाही. आणि विजया लिहायची, "बरोबर आहे. मला माहीत नव्हतं. बदलते." डिझाइनवाल्याने 'मला माहीत नव्हतं' लिहिलेलं आमच्या फोरमननी प्रथमच वाचलं. त्यांनी तो कागद प्रिंटरवरून फाडून घेऊन खिशात ठेवला होता.

तिला प्रत्यक्ष पाहिलं ते तीनेक महिन्यांनी. लाइन रोज मध्येच तुटायला लागली, तेव्हा ती स्वतः आली. निळी सुती साडी, पदर खोचलेला, हातात स्क्रूड्रायव्हर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. घाटकोपरच्या चाळीत वाढलेली, वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणकडे. तिने पेटी उघडली, बंद केली, तार तपासली, आणि मग विचारलं, "तुमचा टेलिफोनचा बोर्ड कुठे आहे?" बोर्डावर बसणाऱ्या बाईंना या लाइनीवर शिट्टी ऐकू यायची. लाइन खराब झाली असं समजून त्या प्रामाणिकपणे ती कापायच्या आणि दुसरी जोडून द्यायला बघायच्या. मी त्यांच्यावर भडकायच्या बेतात होतो. विजयाने मला हाताने मागे सारलं आणि बाईंना म्हणाली, "चला, तुम्हाला गंमत दाखवते." त्यांना केबिनमध्ये आणून खुर्चीवर बसवलं, अंधेरीच्या सहकाऱ्याला त्यांचं नाव लिहून पाठवायला सांगितलं. पडद्यावर स्वतःचं नाव उमटलेलं बघून बाई हरखल्या. "म्हणजे ती शिट्टी म्हणजे तुमचं बोलणं होय?" त्या दिवसापासून त्या लाइनीला कोणाची हात लावायची छाती झाली नाही. एकदा खुद्द मॅनेजरसाहेबांना त्यांनी सुनावलं, "थांबा जरा, आतलं बोलणं संपू दे."

आता जे सांगायचं आहे ते मी इतकी वर्षं कुठे लिहिलं नाही. घरी सांगितलंय, पण थोडं कातरून.

एका वीज केंद्राची सहा व्हॉल्व्हची ऑर्डर होती, तातडीची. व्हॉल्व्हच्या पोटात एक गोल कडं बसतं, त्याच्यासाठी बॉडीत खाच कोरावी लागते. तिचा व्यास ड्रॉइंगवर एकशे छत्तीस मिलिमीटर होता आणि तो वाढणार होता. बॉड्या मशीनवर चढवून ठेवलेल्या, फक्त नवा आकडा यायचा होता. त्या आठवड्यात टेलिफोनवाल्यांनी रस्ता खणला होता आणि लाइनीवर नुसती खरखर. एरवी आमचे संदेश तपासणीतून जायचे. शंभरेक अक्षरांचं एकेक गाठोडं, त्याच्या शेवटी त्या अक्षरांच्या सांकेतिक आकड्यांची एक बेरीज. आमच्याकडच्या कॉम्प्युटरने बेरीज करून बघायची, जुळली तर घ्यायचं, नाही तर तेच गाठोडं परत मागायचं. त्या दिवशी गाठोडी परत परत मागून लाइन तुटत होती. चार वाजून गेले. शेवटी विजयाने तपासणी बंद केली आणि सरळ टाइप केलं. बोलावं तसं, थेट. पडद्यावर ड्रॉइंगचा नंबर आला, कितवी सुधारणा ते सांगणारं रिव्हिजनचं अक्षर आलं, आणि त्यापुढे मी वाचलं: १४८. मी प्रिंट काढली आणि लाइन तुटली.

कागदाची पट्टी फाडून मी शॉपमध्ये गेलो. मोठ्या लेथवर दत्ताराम घाडी होते. सगळे त्यांना घाडीकाका म्हणायचे. त्यांचं काम तपासायला इन्स्पेक्टर यायचे ते रीत म्हणून. घाडीकाकांनी पट्टी डोळ्यांजवळ धरली, मग बॉडीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "साहेबांनू, ह्यां माका बरोबर दिसणा नाय. एकशे छत्तिसाचां एकदम एकशे अठ्ठेचाळीस? भिंत केवढी रवतली? इचारून घेवा एकदा." खाच एवढी मोठी कोरली तर बॉडीची भिंत किती उरेल, याची त्यांना काळजी होती.

लाइन गेली होती. फोन लावायला हवा होता. मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, "काका, कॉम्प्युटरवर आलंय. करा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई नवी प्रिंट घेऊन आला, तोवर दोन बॉड्या कापून झाल्या होत्या. प्रिंटवर आकडा होता एकशे चाळीस. दोन्ही बॉड्या भंगारात. नव्या ओतून यायला दीड महिना. शॉपचे मॅनेजर पांढरेफटक पडले. आधी पट्टी शोधली. ती तेलात भिजून चिंध्यांच्या ड्रममध्ये गेली होती आणि ड्रम सकाळीच रिकामा झाला होता. मग अंधेरीहून त्यांची प्रत मागवली. तिच्यावर स्वच्छ १४०. झालं... सगळ्यांना उत्तर मिळालं. घाडीकाकांनी चुकीचं वाचलं. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. त्यांना सस्पेंड केलं आणि चौकशी लागली. मॅनेजरनी मला बोलावलं. "तू काय वाचलं होतंस?"

मी म्हटलं, "नीट आठवत नाही, सर."

पुढच्या महिन्यात माझं कन्फर्मेशन होतं. आठवत मला चांगलं होतं. पण अंधेरीच्या कागदावर एकशे चाळीस दिसल्यावर मी स्वतःलाच सांगायला लागलो की कदाचित आपणही चुकीचं वाचलं असेल, कदाचित तो शून्यच असेल, प्रिंटरची रिबन झिजलेली असेल. माणूस स्वतःला असं काहीबाही समजावत चार दिवस सहज काढतो. घाडीकाका गेटबाहेर निघताना मला दिसले. त्यांनी मायक्रोमीटरची स्वतःची पेटी काखेत धरली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

चौकशीला मॅनेजर होते, अंधेरीचे डिझाइन प्रमुख होते, युनियनचा माणूस होता, घाडीकाका होते. मला साक्षीला बसवलेलं. विजयाला कोणी बोलावलं नव्हतं, तिचा कागद आला होता तेवढा पुरे होता. ती आपणहून आली. खुर्ची घेतलीच नाही. "तो कागद पुरावा म्हणून धरू नका," ती म्हणाली. "त्याच्यावर मी काय पाठवलं ते आहे. इथे काय पोचलं ते त्याच्यावर नाही. त्या दिवशी मी तपासणी बंद करून टाइप केलं होतं. तसं करायचं नाही हा नियम मीच केलाय, आणि मीच मोडला. लाइनीवर खरखर होती. आकडा वाटेत बदललेला असू शकतो." मग घाडीकाकांकडे वळून हळूच म्हणाली, "काका, चूक माझी आसा. तुमची न्हय."

डिझाइन प्रमुखांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. कॉम्प्युटर जोडायची ही सगळी कल्पना त्यांनी वरपर्यंत स्वतःची म्हणून सांगितली होती. "कुडतरकरबाई, असा आकडा बदलतो, हे तुम्ही कशावरून म्हणता?" ती म्हणाली, "दाखवते." अंधेरीच्या कॉम्प्युटरवर ती एक छोटा प्रोग्रॅम लावून आली होती. तपासणी बंद ठेवून १४० हा एकच आकडा ओळीमागून ओळ पाठवत राहायचा. सगळे बूट काढून त्या काचेच्या केबिनमध्ये दाटीवाटीने उभे राहिले. शिट्टी झाली. १४०, १४०, १४०... पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. हिरव्या आकड्यांची रांग वर सरकत होती आणि प्रत्येक ओळ बरोबर होती. युनियनचा माणूस जांभया द्यायला लागला. मॅनेजर म्हणाले, "पुरे की आता?" विजया पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, "थांबा."

आणि एक ओळ आली, १४ आणि पुढे इंग्रजी पी. कोणीतरी "अरे!" म्हणालं. नंतर पुन्हा पंधरावीस सरळ ओळी, मग एक १४४. मग पुन्हा सगळं सरळ. तिने कागदावर खुणा करून दाखवलं की कॉम्प्युटरच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे आठ दिव्यांची एक ओळ असते, आणि शून्यातला एक दिवा चुकून पेटला तर त्याचा आठ होतो, दुसरा पेटला तर चार. डिझाइन प्रमुख म्हणाले, "पण एकशे अठ्ठेचाळीस आलंय का? एकदाही आलेलं नाही. चार आला म्हणजे आठ आलाच असेल असं नाही."

"नाही आलं," विजया म्हणाली. "त्या दिवशी आलं होतं की नाही, हे मी सांगू शकत नाही. मी इथे नव्हते."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही, हे नंतर तिनेच मला सांगितलं. घाडीकाका दाराशी अनवाणी उभे होते, हात मागे बांधून. "आलं होतं," मी म्हणालो. "मी एकशे अठ्ठेचाळीस वाचलं. काकांनी मला दोनदा सांगितलं की विचारून घ्या, पण मी विचारलं नाही. मीच त्यांना म्हटलं, करा."

घाडीकाकांनी दोनदा सांगितलं नव्हतं, एकदाच सांगितलं होतं. खरं बोलायला लागलो तेव्हाही मी तेवढं वाढवून बोललो, आणि काकांनी लगेच दुरुस्त केलं, "एकदाच सांगितलंय मी." सगळे हसले. त्या हसण्याने खोलीतली हवा मोकळी झाली.

त्या संध्याकाळी विजया आणि मी कारखान्याच्या कँटीनमध्ये बसलो होतो. मला राहवेना. "तू गप्प राहिली असतीस तर कोणालाच कळलं नसतं गं."

"तू राहिला होतास ना गप्प? कसं वाटलं?"

"घाण वाटलं."

"मग? वडा खा, गार होतोय."

एवढंच. त्या विषयावर तिने मला पुन्हा कधी काही ऐकवलं नाही. शिक्षा मात्र झाली. घाडीकाका दुसऱ्या दिवशी कामावर आले. माझं प्रोबेशन सहा महिने वाढलं. विजयाला त्या वर्षी उपप्रमुख करणार होते, ते झालं नाही, पुढच्या वर्षीही झालं नाही. आणि लाइन बंद केली. पेटीवर कापड टाकलं, केबिनमध्ये जुन्या फायली येऊन पडल्या, आणि शिपाई पुन्हा साकीनाका-पवई करायला लागला. तीन महिने तसे गेले. अंधेरीला विचारायचे प्रश्न माझ्या टेबलावर साठत होते आणि मशीनं पूर्वीसारखी उभी राहत होती. शेवटी मॅनेजरांच्या दाराशी कोण गेलं असेल? घाडीकाका. मी तिथेच होतो. काका म्हणाले, "साहेब, ती लाइन चालू करा. पण आकडो आयलो की परत इचारूचो. माझ्यासमोर." मॅनेजर म्हणाले, "तुमचंच नुकसान झालं होतं त्याच्यामुळे." काका म्हणाले, "लाइनीन नाय केल्यान. घाईन केल्यान."

लाइन सुरू झाली. आता विजयाचा नवा नियम होता. तपासणी कोणीही, कधीही बंद करायची नाही. आणि आलेला प्रत्येक आकडा आमच्याकडून अक्षरांत लिहून परत पाठवायचा, एकशे चाळीस असा, आणि तिकडून 'हो' आल्याशिवाय हत्यार लावायचं नाही. दोन्हीकडच्या प्रिंट फायलीला. घाडीकाका चारच्या ठोक्याला चपला काढून आत यायचे, माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे आणि आकडा मोठ्याने वाचायचे. वाचून झाला की मी टाइप करायचो. त्यांना कॉम्प्युटर आवडला असं नाही, पण विजयाशी रोज बोलणं होतं ते आवडायचं. मालवणीतले त्यांचे टोमणे मी इंग्रजी अक्षरांत पाठवायचो आणि तिकडून तसेच परत यायचे. पुढे अंधेरी-विक्रोळीच्या जोडीला बडोद्याचा कारखाना आला, मग मद्रासचं ऑफिस. प्रत्येक ठिकाणी ती स्वतः जायची, मशीन जोडून झालं की आधी टेलिफोनच्या बोर्डावर जाऊन बसायची.

ती सोपी बाई होती असं म्हणणार नाही. बोलणं तुटक. मूर्ख प्रश्नाला ती 'पुन्हा वाचा' एवढंच उत्तर द्यायची, आणि माझ्या नशिबी ते पुष्कळदा आलं. त्या डिझाइन प्रमुखांना तिने शेवटपर्यंत माफ केलं नाही. ते गेल्यावर त्यांच्या शोकसभेलाही गेली नाही. "खोटं बसायला कशाला जाऊ?" लग्न, बारसं, पूजा यांना तर ती जायचीच नाही. माझं लग्न बोरिवलीच्या हॉलमध्ये होतं. त्याच दिवशी बडोद्याची लाइन सुरू व्हायची होती, ती आली नाही. मी मनातून रागावलो होतो. पंगत बसायच्या वेळी घाडीकाका माझ्याकडे आले. अंगात इस्त्रीचा सदरा, आणि खिशातून कडेला भोकं असलेल्या प्रिंटरच्या कागदाची एक पट्टी काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "बाईंनी धाडल्यानी." बडोद्याहून आलेला पहिला संदेश होता तो. "दोघांना शुभेच्छा. तपासणी चालू ठेवून पाठवलंय. जे पोचलंय तेच म्हणायचं आहे." माझ्या बायकोने तो कागद आहेराच्या पाकिटांत ठेवला नाही, पर्समध्ये ठेवला.

नव्वदीनंतर मी दुसऱ्या कंपनीत गेलो, कारखान्याची ती शेड पाडली गेली, घाडीकाका गावी गेले आणि तिथेच वारले. विजयाने निवृत्तीपर्यंतची वर्षं त्याच धंद्यात काढली. पण निवृत्तीनंतर ती काय करत होती हे मला नीटसं ठाऊक नव्हतं. फोनवर विचारलं की म्हणायची, "पत्रव्यवहार असतो रे." मला वाटायचं, सोसायटीचा असेल.

दहाव्याला... म्हणजे दिवस केले नाहीत, तिला ते मान्य नव्हतं, पण साधारण त्याच सुमाराला अनुजाने मला मुलुंडला बोलावलं. विजयाची खोली मी पहिल्यांदाच पाहिली. पूर्वेची खिडकी, लोखंडी कपाट, टेबलावर कॉम्प्युटर. "काका, ह्याचं काय करू?" म्हणून तिने मेल उघडून दाखवली. व्हॉल्व्ह आणि पंपांचं काम करणाऱ्या इंजिनिअरांचा एक गट विजया कितीतरी वर्षं चालवत होती. इचलकरंजी, कोइमतूर, राजकोट, लुधियाना. छोट्या कारखान्यांतली माणसं, ज्यांच्याकडे विचारायला कोणी वरिष्ठ नसतो. त्यांनी प्रश्न टाकायचा आणि हिने, किंवा ज्याला येईल त्याने, उत्तर द्यायचं. त्यांतल्या बहुतेकांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिची उत्तरं मी वाचत गेलो. तीच तुटक वाक्यं. एकाला लिहिलं होतं, "मला माहीत नाही. परवा सांगते." आणि परवा सांगितलेलं होतं, दोन पानं.

ती गेल्यापासूनचे अकरा प्रश्न पडून होते. "त्यांना कळवायचं ना?" अनुजाने विचारलं. मी म्हटलं, कळवू, पण आधी प्रश्न बघू. सगळ्यांत वरचा इचलकरंजीच्या एका फाउंड्रीतल्या मुलीचा होता. नवी नोकरी, वाफेचा व्हॉल्व्ह, बंद केला तरी कडेने गळतो, दोनदा घासून बसवला तरी तेच. साहेब म्हणतात फिटरची चूक आहे, पण मला तसं वाटत नाही, मॅडम. मी चष्मा पुसला आणि उत्तर लिहायला बसलो. गरम असताना मोजलंय का, पाइपाचा ताण बॉडीवर येतोय का, कोणत्या बाजूने गळतो. जेवढं येत होतं तेवढं लिहिलं. खाली लिहिलं की कुडतरकर मॅडम आता नाहीत, मी त्यांचा विक्रोळीचा सहकारी. आणि पाठवून दिलं.

अनुजा चहा घेऊन आली तोवर उत्तर आलेलं होतं. मुलीने आधी चार ओळी विजयाबद्दल लिहिल्या होत्या, त्या इथे देत नाही, त्या अनुजाच्या आहेत. त्यानंतर लिहिलं होतं, "सर, गरम असताना मोजलं होतं. बाजू ठरलेली नाही, वाफेचा दाब वाढला की बदलते. असं का होत असेल?"

मी दोनदा वाचलं. मला उत्तर येत नव्हतं. "काय झालं, काका?" अनुजाने विचारलं. मी म्हटलं, "पोरगी हुशार आहे." मग टाइप केलं, मला माहीत नाही, परवा सांगतो. घरी आलो, माळ्यावरची पुस्तकं खाली काढली आणि धूळ झटकून वाचायला बसलो.